पँथरच्या पोटचा पोर : टुपॅक शकूर

अमेरिकेतील काळ्या माणसाच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्यांची वस्ती आहे. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांच्या वतीने युनोपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागविली. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरच्या नावाशी आपले नाव जोडूनच. हे सारे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. भाषणात ते टाळ्याही घेते. पण त्या ब्लॅक पँथरचे पुढे काय झाले आणि पँथरांच्या पोराबाळांचे काय झाले, असे कुणी विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात.

त्यातल्या एका पोराची ही गोष्ट आहे. टुपॅक शकूर त्याचे नाव. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९९६ साली तो गोळीबारात मारला गेला. आजही आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या टी-शर्टवर, मोबाइलवर त्याचा चेहरा दिसतो. डोक्याला रुमाल बांधलेला, उघड्या अंगावर गोंदलेला. पोरांना तो कुणीतरी दांडगा, कुणाला न भिणारा हिरो वाटतो. वडीलधाऱ्यांना तो वाया गेलेला, शिवराळ, मवाली वाटतो. दोघांनाही त्याची आई ठाऊक नाही. म्हणून सुरुवात आईपासून केली पाहिजे.

त्याची आई अफेनी शकूर. मूळची नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या लंबर्टन गावची, जन्म १९४७ चा. लहानपणीच न्यूयॉर्कला आली आणि ऐन तारुण्यात ब्लॅक पँथर पक्षात दाखल झाली. पक्षाचे काम म्हणजे नुसती बंदूक खांद्यावर टाकून फोटो काढणे नव्हते. काळ्या वस्त्यांतील मुलांना सकाळी शाळेआधी मोफत न्याहारी, दवाखाने, घरमालकांच्या जुलमाविरुद्ध भाडेकरूंची बाजू घेणे, ही कामे पँथर करीत होते. सरकारला धास्ती होती ती याच कामांची. एफबीआय या केंद्रीय गुप्तचर खात्याने १९५६ पासूनच चळवळी फोडण्याची एक गुप्त मोहीम चालविली होती. पँथर हे तिचे मोठे लक्ष्य बनले. खोटी पत्रे पाठवून नेत्यांत भांडणे लावणे, पक्षात खबरे पेरणे, खोटे खटले भरणे, हे सर्व त्यात होते. ४ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोत फ्रेड हॅम्प्टन या अवघ्या एकवीस वर्षांच्या पँथर नेत्याला पोलिसांनी पहाटेच्या छाप्यात त्याच्याच बिछान्यात ठार मारले. खबऱ्याने त्या घराचा नकाशा आधीच पोचविला होता.

त्याच वर्षी २ एप्रिल रोजी न्यूयॉर्कमध्ये अफेनीला अटक झाली. दुकाने आणि पोलीस ठाणी बॉम्बने उडविण्याचा कट रचला असा एकवीस पँथरांवर आरोप होता. प्रत्येकाला जामीन एक लाख डॉलरचा. तो गरिबाने कुठून आणायचा? चळवळीच्या मित्रांनी पैसे गोळा करून तिला आधी बाहेर काढले, कारण ती बाहेर राहून इतरांसाठी काम करील असा विश्वास होता. मध्यंतरी ती गरोदर राहिली. दोन सहआरोपी फरार झाले म्हणून १९७१ च्या आरंभी तिचा जामीन रद्द झाला आणि पोटात मूल घेऊन ती पुन्हा तुरुंगात गेली. तिथे रोज एक अंडे आणि एक पेलाभर दूध मिळावे म्हणून तिला न्यायालयाचा हुकूम आणावा लागला.

या बाईने वकील घेतला नाही. कायद्याचे शिक्षण नाही, पदवी नाही, वय चोवीस. स्वतःचा खटला ती स्वतः लढली. पँथरांत मिसळून राहिलेल्या पोलीस हेराची तिने स्वतः उलटतपासणी घेतली आणि त्याच्याच तोंडून वदवून घेतले की तिला त्याने कधी कट करताना पाहिले नव्हते. आठ महिने चाललेला हा खटला तोवरचा न्यूयॉर्कमधील सर्वात लांबलेला खटला होता. १३ मे १९७१ रोजी ज्यूरीने काही तासांतच निकाल दिला. १५६ आरोप आणि प्रत्येकावर निर्दोष. त्यानंतर महिन्याभराने, १६ जून १९७१ रोजी, ईस्ट हार्लेममध्ये तिने मुलाला जन्म दिला. अठराव्या शतकात पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध मूळनिवासी लोकांचे बंड उभारणारा आणि १७८१ साली हाल करून मारला गेलेला टुपॅक अमारू दुसरा, त्याचे नाव तिने पोराला दिले. आपल्याकडे कार्यकर्ते पोरांची नावे भीमराव, मिलिंद, राहुल ठेवतात ना, त्यातलाच हा प्रकार. नाव म्हणजे पोराच्या खांद्यावर ठेवलेले ओझेही असते.

खटला जिंकला, पण चळवळ हरली. १९७१ नंतर न्यूयॉर्कचे पँथर फुटले, विखुरले. टुपॅकचे जन्मदाते वडील पँथरच होते, परंतु मुलाच्या वाढीत त्यांचा भाग जवळजवळ नव्हता. सावत्र वडील मुतुलू शकूर हे ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयात व्यसनी माणसांवर सुया टोचण्याच्या चिनी पद्धतीने उपचार करीत. पुढे १९८१ साली पैशांच्या गाडीवर पडलेल्या एका दरोड्यात एक रखवालदार आणि दोन पोलीस मारले गेले. त्या प्रकरणात मुतुलूचे नाव आले आणि एफबीआयच्या दहा सर्वात हव्या असलेल्या फरार आरोपींच्या यादीत ते लागले. १९८६ साली तो पकडला गेला, पुढे साठ वर्षांची शिक्षा झाली. जेरोनिमो प्रॅट हा पँथर नेता टुपॅकचा गॉडफादर, म्हणजे मानलेला बाप. तो १९७२ पासून खुनाच्या शिक्षेत. नात्याने आत्या लागणारी असाटा शकूर १९७९ साली तुरुंगातून निसटली आणि तिने क्युबात आश्रय घेतला. म्हणजे या पोराभोवती जी जी मोठी माणसे होती ती एकतर तुरुंगात, नाहीतर फरार, नाहीतर मातीत. मुतुलूच्या शोधात सरकारी माणसे पोराच्या शाळेपर्यंत येत.

अफेनीने काही वर्षे ब्राँक्समधील गरिबांच्या कायदा मदत केंद्रात काम केले. मग तेही राहिले नाही. घरे बदलत, नातेवाइकांकडे, कधी बेघरांच्या निवाऱ्यात अशी ही माय दोन लेकरांना घेऊन फिरत राहिली. पोरगा बारा-तेरा वर्षांचा असताना तिने त्याला हार्लेममधल्या एका नाटकमंडळीत घातले. तिथे १९८४ साली जेसी जॅक्सन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारनिधीसाठी अपोलो थिएटरमध्ये झालेल्या नाटकात त्याने काम केले. पुढे कुटुंब बाल्टिमोरला गेले आणि तिथल्या सरकारी कलाशाळेत त्याला प्रवेश मिळाला. अभिनय, कविता, जाझ संगीत, बॅले नृत्य हे सारे तो शिकला. शेक्सपिअरच्या नाटकांत त्याने कामे केली. या शाळेची दोन वर्षे त्याच्या आयुष्यातील सुखाची म्हणावी लागतील. ज्याला नंतर जगाने रस्त्यावरचा गुंड म्हणून ओळखले तो मुलगा बॅलेच्या रंगमंचावर उंदरांच्या राजाचे सोंग करीत होता हे आपल्या पोरांना सांगितले तर हसतील. पण सांगावे.

१९८८ साली, शाळा पुरी होण्याआधीच, त्याला ती सोडावी लागली. कुटुंब कॅलिफोर्नियात मरीन सिटीला गेले. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी आणलेल्या मजुरांची ही वस्ती. युद्ध संपले, कारखाना बंद पडला, गोरे मजूर आपली घरे घेऊन दुसरीकडे गेले आणि काळे तिथेच अडकले. सभोवती अमेरिकेतला अतिशय श्रीमंत मुलूख आणि मध्ये ही गरिबांची टेकडी. आपल्या मुंबईकरांना हे चित्र नवे नाही.

तिथेच अफेनी क्रॅकच्या नादी लागली. क्रॅक म्हणजे कोकेनचे स्वस्त रूप. १९८० च्या दशकात काळ्या वस्त्यांत तो पुरासारखा शिरला. श्रीमंत गोरे नाकाने ओढतात ती कोकेनची पूड आणि काळे वस्तीत ओढतात तो क्रॅक, मूळ माल एकच. पण १९८६ च्या अमेरिकी कायद्याने पाच वर्षांच्या किमान शिक्षेसाठी पूड लागे ५०० ग्रॅम आणि क्रॅक पुरे ५ ग्रॅम. एकास शंभर! कायद्यापुढे सारे समान म्हणणाऱ्या देशात हा हिशेब २०१० पर्यंत चालला, नंतरही तो फक्त कमी झाला. दीडशे आरोपांतून स्वतःला सोडविणारी पँथर बाई या धुरापुढे हरली. तिचा नवरा एकेकाळी व्यसनमुक्तीचे काम करीत होता, ही गोष्ट आठवली की जीव कळवळतो. पोरगा घरातून बाहेर पडला. शाळा सुटली, मित्रांच्या घरी कोचावर झोपायचे, मिळेल ते करायचे.

इथे रॅपविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काळ्या आणि लॅटिन पोरांनी हे संगीत जन्माला घातले. वाद्ये विकत घ्यायला पैसा नाही, म्हणून दोन जुन्या तबकड्या फिरवून ठेका धरायचा आणि त्यावर यमक जुळवीत, बोलल्यासारखे गायचे. काय बोलायचे? वस्तीत जे घडते ते. पोलीस, भाडे, भूक, प्रेम, मारामारी, बढाई. आपल्या जलशांत ढोलकीच्या ठेक्यावर शाहीर जसा सवाल टाकतो आणि ऐकणाऱ्याला जागेवरून उठवितो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की आपल्या शाहिराच्या मागे चळवळ उभी होती. रॅप तरुण झाला तेव्हा अमेरिकेतील चळवळ मोडून पडली होती. त्याच्या मागे उभी राहिली ती रेकॉर्ड कंपनी. टुपॅकचे सारे आयुष्य समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

मरीन सिटीच्या परिसरात एका शिक्षिकेच्या कवितावर्गात तो जाऊ लागला. तिथून १९९० साली डिजिटल अंडरग्राउंड या गाणाऱ्या टोळक्यात त्याला काम मिळाले ते सामान उचलण्याचे आणि मागे नाचण्याचे. वर्षभरात तो पुढे आला. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्याचा पहिला अल्बम निघाला. त्यातले एक गाणे बारा वर्षांच्या एका गरीब मुलीवर आहे. ती गरोदर राहते, बाळंत होते, आणि कुणीही तिच्या मागे उभे राहत नाही. वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून त्याने ते रचले. वीस वर्षांचा पोरगा, हातात पहिल्यांदाच माईक आलेला, आणि तो स्वतःविषयी बढाई मारण्याऐवजी एका टाकून दिलेल्या मुलीची कैफियत मांडतो. हे पँथरच्या पोटचे रक्त होते.

त्याच अल्बममधले पोलिसी जाचावरचे गाणे नुकतेच बाहेर आले होते. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंड शहरात भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडला म्हणून दोन पोलिसांनी त्याला अडविले, नावावरून टिंगल केली आणि बेदम मारले. त्याने एक कोटी डॉलरचा दावा लावला. अखेर तडजोडीत सुमारे ४२ हजार डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये एका तरुणाने पोलिसाचा खून केला आणि मी टुपॅकची गाणी ऐकत होतो असा बचाव त्याच्या वकिलांनी घेतला. लगेच अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी, अशा अल्बमला समाजात जागा नाही असे जाहीर केले. ज्या वस्तीत पोलीस मारतात त्या वस्तीकडे कधी न फिरकलेला उपाध्यक्ष गाण्यावर मात्र बोलतो. आपल्याकडेही एप्रिल २०२३ मध्ये सत्ताधाऱ्यांवर मराठी रॅप गाणाऱ्या तरुणांवर गुन्हे नोंदले गेलेच. सत्तेचे कान सगळीकडे सारखेच हलके.

यानंतर यश वेगाने आले. १९९२ साली ‘ज्यूस’ या चित्रपटातील भूमिका गाजली, १९९३ साली जॅनेट जॅक्सनसोबत ‘पोएटिक जस्टिस’ आला. दुसऱ्या अल्बममध्ये काळ्या स्त्रियांना, विशेषतः एकट्याने पोरे वाढविणाऱ्या मातांना धीर देणारे गाणे होते. आई व्यसनातून बाहेर आली आणि मायलेकांचे पुन्हा जुळले. तुरुंगात असलेल्या मुतुलूशी बोलून त्याने रस्त्यावरच्या टोळ्यांसाठी एक आचारसंहिता तयार केली. मुलांना नशा विकू नये, म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्रास देऊ नये, बायाबापड्यांवर अत्याचार करू नये, अशी तिची कलमे होती. पोटावर त्याने मोठ्या अक्षरांत ‘ठग लाइफ’ असे गोंदवून घेतले होते. त्याचा अर्थ तो असा सांगे की लहान पोरांना समाज जो द्वेष पाजतो तोच पुढे सर्वांना डसतो. पण अर्थ सांगायला मुलाखत लागते, चित्र मात्र पोस्टरवर विकले जाते. कंपनीने पोस्टर छापले. पोरांनी पोस्टर घेतले. अर्थ मागे राहिला.

आणि यशाबरोबर बंदूकही आली. ऑगस्ट १९९२ मध्ये मरीन सिटीच्या उत्सवात भांडण झाले, गोळ्या सुटल्या आणि सायकलवर असलेला सहा वर्षांचा एक काळा मुलगा ठार झाला. गोळी सुटली ती बंदूक टुपॅकच्या नावावर नोंदलेली होती. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, मुलाच्या घरच्यांशी पुढे तडजोड झाली. पण त्या पोराचा जीव परत आला नाही. ज्या वस्तीचे दुःख गाऊन नाव झाले त्याच वस्तीतले लेकरू गेले.

यापेक्षाही मोठा डाग त्याच्या नावावर आहे, आणि चळवळीच्या पानावर लिहिताना तो झाकून चालणार नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्याने व त्याच्या सोबत्यांनी आपल्यावर अत्याचार केला अशी तक्रार एका एकोणीस वर्षांच्या काळ्या तरुणीने केली. १ डिसेंबर १९९४ रोजी ज्यूरीने त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरविले, अधिक गंभीर आरोपांतून सोडले. त्याने अखेरपर्यंत गुन्हा नाकारला. त्याचे चाहते आजही सांगतात की हा गोऱ्या व्यवस्थेचा डाव होता. व्यवस्था काळ्या पुरुषाला सहज अडकविते हे खरे आहे, याच लेखात त्याची उदाहरणे आली आहेत. पण तक्रार करणारी कुणी गोरी सत्ताधारी नव्हती, ती त्याच्याच समाजातली पोरगी होती आणि साक्ष देताना ती एकटी होती. स्त्रीसन्मानाची गाणी लिहिणाऱ्याच्या खोलीत ती सुरक्षित नव्हती. आपल्याकडेही एखाद्या नेत्यावर, कलावंतावर असा आरोप झाला की बाईकडे आधी बोट दाखविले जाते, चळवळ बदनाम होईल म्हणून तिला गप्प केले जाते. मला वाटते, टुपॅकला आदर द्यायचा तर तो त्या तरुणीला वगळून देता येत नाही.

सी. डेलोरेस टकर या मार्टिन ल्युथर किंग यांच्यासोबत मोर्चात चाललेल्या काळ्या कार्यकर्तीने नेमका हाच प्रश्न विचारला होता. रॅपमध्ये काळ्या बायांना शिव्या देऊन कंपन्या पैसा करतात, असे म्हणत तिने कंपन्यांच्या भागधारकांच्या सभेपर्यंत धडक मारली. टुपॅकने तिला उत्तर दिले ते एका गाण्यात तिचे नाव घेऊन, शिवी हासडून. पँथरच्या पोराने आईहून वयाने मोठ्या कार्यकर्तीशी असे वागावे! टकरबाईंनी त्याच्या मागे त्याच्या वारसांवर दावा लावला, तो न्यायालयात टिकला नाही. पण कायद्यात हरणारी माणसे प्रश्नात हरतात असे नाही.

निकालाच्या आदल्याच रात्री, ३० नोव्हेंबर १९९४ रोजी, न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दारात लुटारूंनी त्याला गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तो पट्ट्या बांधून, चाकांच्या खुर्चीत बसून न्यायालयात आला. फेब्रुवारी १९९५ मध्ये दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. मार्चमध्ये, तो तुरुंगात असताना, तिसरा अल्बम निघाला आणि अमेरिकेत विक्रीत पहिला आला. तुरुंगात बसलेल्या कलावंताचा अल्बम पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. त्यात आईवरचे गाणे आहे. आईचे व्यसन त्यात लपविलेले नाही आणि तिचे कष्टही विसरलेले नाहीत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने पुढे ते राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केले.

बाहेर गाणे पहिल्या नंबरवर आणि आत गायक जामिनासाठी तडफडतो आहे. वकिलांची बिले, खटले, त्याच्यावर विसंबलेले मोठे गणगोत, या सगळ्यात पैसा आला तसा गेला होता. जामीन हवा होता चौदा लाख डॉलरचा. चळवळ असती तर तिने दारोदार फिरून तो गोळा केला असता, अफेनीसाठी केला होता तसा. आता ती चळवळ नव्हती. आला तो डेथ रो रेकॉर्ड्स या कंपनीचा मालक शुग नाइट. टोळीवाल्यांत वावरणारा, दहशतीवर धंदा करणारा माणूस. त्याच्या मागे मोठ्या गोऱ्या कंपन्यांचा पैसा. तीन अल्बमचा हातानेच खरडलेला करार तुरुंगात टुपॅकपुढे ठेवला गेला. त्याने सही केली. १२ ऑक्टोबर १९९५ रोजी तो सुटला. आई १९६९ साली पकडली गेली तेव्हा जामिनाचा पैसा आला त्याची परतफेड तिने लोकांची कामे करून केली. मुलाच्या जामिनाची परतफेड गाण्यांत होणार होती. एकाच घरातल्या या दोन जामिनांत पंचवीस वर्षांचा सारा इतिहास आला.

सुटला त्याच दिवसापासून तो स्टुडिओत राबू लागला. झोप नाही, विसावा नाही, एकामागून एक गाणी. फेब्रुवारी १९९६ मध्ये सत्तावीस गाण्यांचा दुहेरी अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण आता गाण्यांचा सूर बदलला होता. स्टुडिओच्या दारातल्या गोळीबारामागे आपला एकेकाळचा मित्र, न्यूयॉर्कचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. आणि त्याची कंपनी आहे असा त्याचा संशय होता. सिद्ध काहीच झाले नाही. पण मासिकांनी हे भांडण पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा म्हणून रंगविले. मुखपृष्ठे खपली, कॅसेट खपल्या. दोन काळे तरुण एकमेकांच्या जिवावर उठले याचा फायदा सर्वांना झाला, त्या दोघांना सोडून. पूर्वी पोलिसांकडे आणि सत्तेकडे वळलेला त्याचा राग आता शेजारच्या काळ्या माणसाकडे वळला. बाजाराला राग चालतो, तो आवडतोही. फक्त त्या रागाने योग्य पत्त्यावर जाता कामा नये.

हे त्याला अजिबात कळत नव्हते असे म्हणता येत नाही. डेथ रोचा जो वकील होता तोच टुपॅकचेही काम पाहत असे. ज्याच्याशी करार त्याचाच वकील आपला वकील! ऑगस्ट १९९६ अखेर टुपॅकने त्या वकिलाला दूर केले. स्वतःची कंपनी काढण्याची, चित्रपट करण्याची तयारी चालली होती. पण त्याच्या हाती दिवसच उरले नव्हते.

७ सप्टेंबर १९९६ रोजी लास व्हेगासला माइक टायसनची मुष्टियुद्धाची लढत झाली. ती पाहून बाहेर पडताना टुपॅक आणि शुग नाइटच्या माणसांनी विरोधी टोळीतील एका तरुणाला हॉटेलच्या दिवाणखान्यात मारहाण केली. तिथल्या कॅमेऱ्यात ती टिपली गेली. दोन-अडीच तासांनी सिग्नलला उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीशेजारी एक पांढरी कॅडिलॅक येऊन थांबली आणि गोळ्या सुटल्या. सहा दिवस रुग्णालयात झुंजून १३ सप्टेंबरला टुपॅक गेला. सहा महिन्यांनी, ९ मार्च १९९७ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये नोटोरियस बी.आय.जी. तसाच मोटारीत मारला गेला. तो चोवीस वर्षांचा होता.

मग आई पुन्हा उभी राहिली. लाखो प्रती खपलेल्या या गायकाच्या नावावर फारसे काही उरलेले नव्हते. तिने कंपनीकडे हिशेब मागितला तर कंपनीने उलट मुलाच्याच नावावर लक्षावधी डॉलरचे येणे दाखविले. गाडी, घर, वकील, दागिने, सारे त्याच्याच खाती मांडलेले. सावकाराची वही जगात सगळीकडे एकाच हस्ताक्षरात लिहिलेली असते. आपल्या भीमगीतांच्या कॅसेट गावोगावी वाजल्या, त्यांतून गीतकाराच्या घरात किती गेले हे चळवळीतल्या माणसाला सांगायला नको. आपली आजची पोरे मोबाइलवर रॅप रचीत आहेत, त्यांच्यापुढे उद्या कागद येईल. तो वाचून दाखविणारा एखादा तरी वकील आपल्या जयंती मंडळांनी शोधून ठेवला तर डीजेच्या भिंतीइतका खर्च त्याला येणार नाही.

अफेनी १९९७ साली न्यायालयात गेली. छब्बीस वर्षांपूर्वी स्वतःसाठी उभी राहिली होती तशी आता मेलेल्या मुलासाठी. कंपनीशी तडजोड झाली, अप्रकाशित ध्वनिमुद्रणे तिच्या हाती आली. तिने मुलाच्याच नावातल्या अमारू शब्दावरून स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी पहिला अल्बम बाजारात आणला. त्याच्या हयातीत चार अल्बम निघाले, मृत्यूनंतर सात. त्याच्या किशोरवयातील कविता १९९९ साली पुस्तकरूपाने आल्या. त्या पैशातून तिने जॉर्जिया राज्यात गरीब मुलांसाठी कलाकेंद्र उभारले, ते २००५ साली सुरू झाले. बाल्टिमोरच्या त्या शाळेत मुलाला जे दोन वर्षे मिळाले होते, तेच इतर पोरांना द्यायचे होते. पुढे २०१२ साली एका मोठ्या संगीत महोत्सवात प्रकाशयंत्राने टुपॅकची आकृती रंगमंचावर आणून तिला गायला लावले. उघड्या अंगाची, गोंदलेली. मेल्यावरही त्याची कामावरून सुटका झाली नाही. अफेनी २०१६ साली वारली. तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती.

त्याच्या भोवतीची जी माणसे तुरुंगात होती, त्यांचेही सांगितले पाहिजे. जेरोनिमो प्रॅटविरुद्धचा मुख्य साक्षीदार हा पोलिसांचा खबऱ्या होता आणि ही गोष्ट खटल्यात दडवून ठेवली गेली होती, हे सिद्ध झाले. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढून जून १९९७ मध्ये तो बाहेर आला. टुपॅकला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. सरकारने प्रॅटला पंचेचाळीस लाख डॉलर भरपाई दिली. असाटा शकूर २०२५ साली हवानात वारली, मायदेशी परतलीच नाही. मुतुलू शकूरला कॅन्सरने पोखरल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये सोडण्यात आले, तो जुलै २०२३ मध्ये गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी लास व्हेगासच्या पोलिसांनी टुपॅकच्या खुनाबद्दल पहिल्यांदा एका माणसाला अटक केली. त्याने आरोप नाकारला. खून होऊन तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती.